येळवसला टिकेल तेच

बिराजदार मॅडम जळायच्या. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. शाळेत शिक्षकांच्या खोलीत कोणी नवी साडी नेसून आलं की त्या खुर्चीवरून उठायच्या, पदराचं टोक चिमटीत धरून चुरून बघायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "जळाले बाई मी. पार जळाले." कोणाच्या मुलाला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, कोणाच्या घरावर दुसरा मजला चढला, कोणाची सून सकाळचा चहा अंथरुणात आणून देते असं कळलं, की हेच. 'अभिनंदन' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आणि गंमत अशी की माणसाला त्यातच बरं वाटायचं. बिराजदार मॅडम जळाल्या म्हणजे वस्तू खरंच चांगली आहे, अशी खात्री पटायची. मी नवीन पर्स घेतली तेव्हा दिवसभर ती मुद्दाम टेबलावर ठेवली होती. मधल्या सुट्टीत त्या म्हणाल्या, "कितीला घेतली ते सांगू नको. आधीच जळून राहिले मी." मी ती पर्स अजून वापरते.

आम्ही बाकीच्या बायाही काही कमी जळत नव्हतो. फक्त आम्ही "छान आहे हं" म्हणायचो आणि ते घरी नेऊन रात्रीच्या स्वयंपाकाबरोबर शिजवत बसायचो.

नांदेडला मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. आम्ही एकाच बाजूला राहत असल्यामुळे एका ऑटोत जायचो. मॅडम ऑटोत बसल्या की तिसऱ्या सवारीला जागा उरायची नाही; ऑटोवाला काही बोलायच्या आत त्याच म्हणायच्या, "दोघींचे पैसे माझ्याकडून घे बाबा, मी दोघी हाय." कपाळावर विभूतीची फिकट रेघ, तिच्याखाली ठसठशीत टिकली, आणि आवाज असा की खालच्या वर्गातल्या मुलींना वरच्या वर्गाचा भूगोल पाठ. माहेर उदगीरचं. त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी यायचं. सकाळी भेटल्यावर नमस्कार नाही, चमत्कार नाही, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का. सकाळी दहाला कोण जेवतं? पण त्यांना तो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा.

कारण खाणं ही त्यांची भक्तीच होती. त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकर दुपारपर्यंत मऊ राहायची. शेंगदाण्याची चटणी त्या चमच्यानं नाही, गोळ्यानं आणायच्या. जेवताना बोलायच्या नाहीत, आणि ती एवढी एकच वेळ शाळेत शांतता असायची.

एका माणसावर मात्र मॅडम मोठ्यानं जळत नसत. ती म्हणजे त्यांची धाकटी जाऊ शैला. बिराजदारांचं मूळ घर लातूरचं. मॅडमचे मिस्टर रेल्वेत नोकरीला म्हणून हे दोघं नांदेडला, आणि दीर सुभाष लातूरला कापडाचं दुकान चालवायचे. शैला त्यांची बायको. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही श्वास रोखून बघावं लागलं. दोन मुलं झालेली बाई, आणि साडीचा घोळ असा पडायचा की जणू दुकानातल्या पुतळ्याला नेसवली आहे. मॅडम तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायच्या. "सगळं खाती गं ती. मी बघितलंय. पुरण खाती, भात खाती. अन् एक तोळा वाढत न्हाई." यात 'जळाले' हा शब्द नसायचा. तो नसला की समजायचं, खरं दुखणं इथं आहे.

एकदा लातूरला घरातलं लग्न झालं. त्याचे फोटो त्यांच्या घरच्या ग्रुपवर आले. एका फोटोत शैला आणि मॅडम शेजारी शेजारी उभ्या होत्या. कुठल्याशा भाच्यानं खाली लिहिलं होतं, 'दहाचा आकडा.' आणि पुढं हसणाऱ्या तोंडांची रांग. मॅडमनी मधल्या सुट्टीत तो फोटो मला दाखवला आणि आधी स्वतःच हसल्या. "बघ की, बरोबर लिवलंय पोरानं. ती एक, मी शून्य." मीही हसले. मग त्यांनी डबा उघडला, भाकरीकडं बघितलं आणि तसाच बंद केला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. शिपाईमामा विचारायला आले की मॅडमला बरं नाही का.

दुसऱ्या दिवसापासून भाकर बंद, पोळी बंद, भात बंद, गूळ-साखर बंद. मोबाइलवर कोणा डॉक्टरचे व्हिडिओ बघून त्यांनी हे ठरवलं होतं. पनीर खायचं, बदाम खायचे, काकडी खायची, आणि अंडी. आता बिराजदारांच्या घरात अंडं शिरणं शक्य नव्हतं. "सासूबाईंच्या फोटोला समजलं तर हार खाली पडंल," त्या म्हणाल्या. म्हणून एका रविवारी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. मी दोन अंडी उकडून सोलून दिली. त्या स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून बसल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि डोळे मिटून घास घेतला. बराच वेळ चावत राहिल्या.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"कसंच न्हाई की गं. ह्याच्यासाठी मी एवढी भ्याले?"

तेवढ्यात आमचे हे पाणी प्यायला आत आले. मॅडमनी ताटलीवर पदर टाकला आणि त्यांना म्हणाल्या, "ऊटा आयता?"

वजन मात्र उतरायला लागलं. भराभर उतरलं. चेहऱ्याला हाडं आली, ब्लाउज आत घालून घ्यावे लागले, ऑटोत तिसरी सवारी बसू लागली. आणि शिक्षकांच्या खोलीत कोणी काहीच बोलेना. "तब्येत बरी आहे ना, मॅडम?" एवढंच. कोणी म्हणालं, "चेहरा फार उतरलाय हो." मीही तेच म्हणाले. परत येताना ऑटोत त्या माझ्याकडं वळून बसल्या.

"तू जळलीस ना?"

"छे हो, मॅडम."

"जळलीस. मला समजतं. मग म्हण ना तसं! मी एवढं पोट मारून राहिले ते कामून? कोणीतरी माझ्यावर जळावं म्हणूनच की. जन्मभर मी सगळ्यांवर जळले, तोंडावर सांगितलं. माझी पाळी आली तर सगळ्या विचारतात, बरं न्हाई का."

मी हसून बाहेर बघत राहिले. जळले होतेच. त्यांचा ढगळ झालेला ब्लाउज बघून मी घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले होते.

पण पनीर-काकडी त्यांना मानवत नव्हती. केस गळायला लागले, पोट साफ होईना, चिडचिड वाढली. आमचे डबे उघडले की त्या खुर्ची जवळ ओढायच्या. "जरा इकडं धर. खात न्हाई, वास घेऊ दे." एकदा सातवीच्या वर्गात काळ्या मातीविषयी शिकवता शिकवता त्या थांबल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी बाकाखाली डबा ठेवून गूळ-पोळी खात होती. मुलींना वाटलं आता डस्टर बसतंय. मॅडम हातातली पट्टी घेऊन तिच्याजवळ गेल्या, वाकल्या आणि विचारलं, "वर साजूक तूप हाय का गं?" पोरगी म्हणाली, हाव मॅडम. मॅडम परत फळ्याकडं गेल्या आणि पुढं काय सांगायचं तेच विसरल्या.

त्या वर्षी येळवसला त्यांनी मला लातूरला नेलं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, लातूरकडचा मोठा सण. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा होते आणि मग शेतातच पंगती बसतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, सगळ्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी, खीर. "चल, बघ आज," मॅडम बसमध्ये म्हणाल्या. "आज सगळं खानदान जळणार."

शेतात पोचल्यावर तसं झालंही. बायका त्यांच्याकडं वळून वळून बघत होत्या. सुभाष म्हणाले, "वहिनी, आता शैलाला मागं टाकता की काय?" मॅडमच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून डबा काढला. पनीरचे तुकडे आणि काकडी. पंगतीत शेजारी मी, समोर लहान-मोठे सगळे, आणि शैला कमरेला पदर खोचून वाढत होती. ती भज्जीचं पातेलं घेऊन आली. "थोडी तरी घ्या की अक्का." मॅडमनी हात आडवा धरला. "साकु, साकु." पुरे, पुरे.

शैला पुढं गेली. जाता जाता तिनं कोणाशी तरी हसत उंड्याचा तुकडा तोडला आणि तोंडाकडं नेला. मॅडमनी ते पाहिलं.

"ती खातीय गं," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "बघ. सगळं खातीय. अन् तशीच."

मग त्यांनी पनीरचा डबा बाजूला सारला, परातीतली भाकर घेतली, ताटात कुस्करली आणि स्वतःच उठून वर भज्जी घालून घेतली. पहिला घास गेला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या पुसत नव्हत्या. भाकर संपली, दुसरी घेतली. आंबील प्यायल्या, खीर घेतली, परत भज्जी. रडत होत्या आणि खात होत्या. गलका एवढा होता की माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही. शैलाच्या मात्र आलं. ती पातेलं कमरेवर धरून उभी राहून बघत होती. मला वाटलं, हिला आनंद होतोय. मला तेव्हा तिचा राग आला.

त्यानंतर मॅडमनी पनीरला हात लावला नाही. उतरलेलं सगळं परत आलं, आणि येताना आणखी थोडं घेऊन आलं. ब्लाउज पुन्हा उसवून सैल केले. शिक्षकांच्या खोलीत आता सगळ्यांना मॅडमविषयी प्रेम आलं. जो तो सल्ला देऊ लागला. आमच्यातल्याच एक बाई पावडर विकायच्या. सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी ती दुधात हलवून प्यायची. गणिताच्या सरांनी दिवसातून फक्त दोनदा जेवायचं सांगितलं. कोणी शिबिराचं, कोणी जिमचं. मॅडम प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायच्या आणि एकच विचारायच्या, "ह्यात येळवसला काय करायचं?"

पावडरवाल्या बाई म्हणाल्या, "त्या दिवशीही पावडरच घ्यायची, मॅडम."

"शेतात? पांडवांसमोर मी बाटली हलवत उभी राहू?"

गणिताचे सर म्हणाले, "एक दिवस सुट्टी घ्या की."

"सर, मी सुट्टी घेतली की परत कामावर येत न्हाई. मला मी माहीत हाय."

सगळे हसले. पण त्या गंमत करत नव्हत्या. ऑटोत मला म्हणाल्या, "जे येळवसला मोडंल ते माझ्या काय कामाचं? मागच्या वेळी तेच झालं. मला असं पाहिजे जे म्हातारी झाले तरी चालंल, पोरीच्या बाळंतपणात चालंल, लग्नात चालंल. बारीक न्हाई झाले तर न्हाई. पण परत शून्यावर यायचं न्हाई."

तोवर रक्तातली साखरही काठावर आली होती. त्या नेहमीच्या डॉक्टर बाईंकडे गेल्या. मी बरोबर होते. डॉक्टर बाईंनी विचारलं, "मरेपर्यंत काय सोडता येणार नाही तुम्हाला?" मॅडम एक क्षणही न थांबता म्हणाल्या, "भाकर." "मग भाकरीपासूनच सुरू करू," डॉक्टर बाई म्हणाल्या.

त्यात जादू काहीच नव्हती. मॅडमनी लहान तवा आणला आणि त्यावर मावेल एवढीच भाकर थापायला सुरुवात केली. ताटात आधी भाजी, कोशिंबीर, उसळ किंवा वरण, मग भाकर. भात वाटीभर. चटणी गोळ्यावरून चमच्यावर आली. चहाबरोबरची बिस्किटं गेली. आणि एक नियम त्यांनी स्वतःचा घातला: गोड खायचं तर ताटात वाढून, बसून, सगळ्यांसमोर. ओट्याशी उभं राहून, फडताळाआड काही नाही. "चोरून खाल्लेलं मोजता येत न्हाई," त्या म्हणायच्या. संध्याकाळी नदीवरच्या घाटाच्या रस्त्यानं चालायचं. त्या मलाही घेऊन जायच्या.

वजन उतरायचं, पण गोगलगाईच्या चालीनं. तिकडं पावडरवाल्या बाईंनी स्वतःच पावडर पिऊन सपाट्यानं वजन उतरवलं आणि नवे ड्रेस शिवले. मॅडम रोज त्यांच्या ओढणीला हात लावून म्हणायच्या, "जळाले, पार जळाले," आणि परत येऊन आपली छोटी भाकर मुकाट्यानं खायच्या. पुढं त्या बाईंनी पावडर सोडली आणि फुगल्या. मला वाटलं आता मॅडम खूश होतील. मॅडम त्यांच्या डब्यातला साजूक तुपाचा शिरा बघून म्हणाल्या, "हिला परत सगळं खाता येतंय. जळाले."

मीही त्यांच्याबरोबर छोटी भाकर सुरू केली होती. काही आठवड्यांत सोडली. माझ्याकडं पाहुणे आले, मग परीक्षा आल्या, मग कंटाळा आला. चालायला मात्र जात राहिले, कारण ती वेळ मला आवडायची. नदीवरून वारा यायचा, मॅडम वाटेतल्या प्रत्येक घराच्या गॅलरीवर जळत चालायच्या आणि मी ऐकायचे. पण त्या ताटावर बसल्या की मी बघत राहायचे. आता त्या भाकरीकडं हावऱ्यासारख्या बघत नव्हत्या, घाबरूनही नाही. खायच्या, पाणी प्यायच्या, उठायच्या. त्यांच्या कमी झालेल्या वजनापेक्षा मी त्या उठण्यावर जास्त जळले.

पुढच्या वर्षी कोणाच्या तरी साखरपुड्यासाठी शैला आणि सुभाष नांदेडला आले आणि मॅडमच्या घरी उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमकडे उत्तरपत्रिका द्यायला गेले होते. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. आम्ही धावलो. शैला फरशीवर पडली होती, चेहरा पांढराफटक. पाणी मारलं, तिनं डोळे उघडले. डॉक्टर बाई येऊन तपासून गेल्या, रक्त काढून नेलं, आणि जाताना म्हणाल्या, "ही बाई उपाशी आहे. आजची नाही, बऱ्याच दिवसांची."

मॅडमना पटेना. "उपाशी कशी असंल? काल साखरपुड्यात माझ्यासमोर जेवली की तू, शैला!"

शैला पलंगावर पडूनच म्हणाली, "वाढत होते अक्का. खात नव्हते."

"अन् येळवसला? उंडा खाल्लास की तू. मी डोळ्यानं बघितलं."

"तोंडापर्यंत नेला. मग पातेल्यामागं टाकला. सवय हाय मला. कुणाला समजत न्हाई."

खोलीत आम्ही तिघीच होतो. मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या. "कामून पण? कामून असं?"

शैला छताकडं बघत म्हणाली, "लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी एकदा म्हणलं होतं, लई खातीस. अक्कासारखी होऊ नकोस." मग तिनंच पुढं सांगितलं, "त्या येळवसला तुम्ही रडत रडत भाकर खात होता ना, तवा मी बघत होते. मला वाटलं, मला अशी एक भाकर पोटभर खाता आली तर. मागं कोण काय म्हणंल त्याची फिकीर न करता. लई जळले मी तुमच्यावर, अक्का."

मॅडम उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या रडत असतील म्हणून मी मागं गेले. त्या परातीत पीठ घेऊन भाकर थापत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी तिच्यावर जळत बसले. अन् माझं नाव घेऊन त्यांनी तिला भ्या घातलं गं. माझं नाव घेऊन." त्यांचा हात जोरानं चालला होता, भाकर फाटली. त्यांनी गोळा परत केला आणि पुन्हा थापली.

भाकर, वरण, थोडी मेथीची भाजी. ताट घेऊन त्या शैलाजवळ बसल्या आणि बाहेरच्या खोलीकडं आवाज दिला. "सुभाष भावजी, जरा आत या."

सुभाष दारात येऊन उभे राहिले.

"मला नीट बघा एकदा," मॅडम म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या, म्हणूनच भीती वाटत होती. "अशी हाय मी. शाळेत शिकवते, दोन लेकरं वाढवली, तुमच्या आईचं आजारपण काढलं. हिच्यासारखी होऊ नको असं तुम्ही शैलाला म्हणला होता. कशासारखी होऊ नको, ते सांगा."

सुभाष गडबडले. "गमतीत म्हणलो असेन, वहिनी. मला तर आठवत पण न्हाई."

"तुम्हाला आठवत न्हाई," मॅडम म्हणाल्या, "अन् तिनं त्याच्यावर जेवण सोडलं."

सुभाष खाली बघत होते. मॅडमनी भाकरीचा तुकडा तोडला, वरणात बुडवला आणि शैलाच्या हातात दिला. भरवला नाही, हातात दिला. "खा. न्हाई गेलं तर ठेव. उद्या परत करते." शैलानं तो तुकडा बघितला, नवऱ्याकडं बघितलं, आणि तोंडात घातला. चावायला तिला फार वेळ लागला. सुभाष तिथंच दारात खाली बसले. नंतर त्यांनीच उठून तिला पाण्याचा तांब्या आणून दिला.

शैला पुढं बरेच दिवस नांदेडलाच राहिली. डॉक्टर बाईंनी दोघींना सांगितलं ते एकच जेवण. फक्त एकीनं वाढवत न्यायचं, एकीनं आहे तेवढंच ठेवायचं. लहान तव्यावर आता भाकरी जास्त पडू लागल्या. सुरुवातीला शैला अर्ध्या भाकरीवर घाबरून थांबायची. मॅडम तिच्या ताटाकडं बघायच्याच नाहीत, भलतंच काहीतरी बोलत राहायच्या. शाळेतल्या भानगडी सांगायच्या. बोलता बोलता भाकर संपलेली असायची. शैलाच्या गालांवर रंग यायला लागला तसं मॅडमचं सुरू झालं. "हिला वाढवायला सांगितलं तर हिचं लगेच वाढतंय. मला उतरवायला सांगितलं तर माझं उतरत न्हाई. जळाले!" मोठ्यानं, अगदी शेजारच्यांना ऐकू जाईल असं. शैला हसून लोळायची. शैलाच्या बाबतीत हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

संध्याकाळी आता आम्ही तिघी चालायला जायचो. घाटाकडचा रस्ता अरुंद. दोघी शेजारी चालल्या की तिसरीला मागं राहावं लागतं. मी मागं असायचे. पुढं त्यांचं कानडी-मराठी चाललेलं असायचं, मधूनच हसणं, आणि मला अर्धं कळायचं. मी दोनदा चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं थांबून बघितलं. माझ्यासाठी कोणी थांबलं नाही. मग मी संध्याकाळी घरची कामं काढायला लागले.

शैला लातूरला परत गेली. रोज संध्याकाळी चालताना दोघींचा फोन चालू असायचा, ती तिकडं चालायची, ह्या इकडं. पुढं मॅडमचे मिस्टर रेल्वेतून निवृत्त झाले, मॅडमनीही लवकर निवृत्ती घेतली आणि दोघं लातूरला मूळ घरी राहायला गेले. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना साडी दिली. पेढे वाटले तेव्हा त्यांनी बसून, ताटलीत घेऊन, सगळ्यांसमोर दोन खाल्ले. मी सूत्रसंचालन केलं. 'मॅडमच्या जाण्यानं मोठी पोकळी' वगैरे बोलले. खरं काय वाटतंय ते बोलायची ती जागा नव्हती.

नंतर फोन कमी झाले. मागच्या उन्हाळ्यात मला परीक्षेच्या पेपरतपासणीसाठी लातूरला जावं लागलं. मॅडमना कळवलं नव्हतं; संध्याकाळी अचानक जाऊ असं ठरवलं होतं. सकाळी स्टँडवरून ऑटो केला. एका वस्तीतल्या चिंचोळ्या रस्त्यावर ऑटो एकदम हळू झाला. पुढं दोन बायका चालत होत्या, रस्ता भरून. एक रुंद, एक आता बारीक म्हणता येणार नाही अशी. एकीनं दुसरीच्या दंडात हात अडकवला होता. रुंद असलेली जोरजोरात बोलत होती आणि बोलताना मोकळा हात हवेत फिरवत होती. मॅडम बारीक झाल्या नव्हत्या. निरोपाच्या दिवशी होत्या तेवढ्याच होत्या. पण पाय असे पडत होते की जणू रस्ता त्यांच्या मालकीचा आहे.

ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. शैलानं मागं वळून पाहिलं. मी आत सावलीत होते, तिला दिसले नसणार. ती बाजूला व्हायला लागली, तर मॅडमनी मान न वळवता तिचा दंड घट्ट धरला आणि दुसरा हात मागं उंचावला. थांब, असं. आणि त्या होत्या त्याच चालीनं, मधोमध, चालत राहिल्या.

"बघा की ह्या बाया," ऑटोवाला म्हणाला आणि पुन्हा हॉर्नकडं हात नेला.

"राहू दे," मी म्हणाले. "वाजवू नको."

आम्ही त्यांच्या मागं मागं चालत्या माणसाच्या वेगानं जात राहिलो. हाक मारावी असं तोंडापर्यंत आलं होतं. मग त्या दोघी एका गल्लीत वळल्या आणि मॅडमचा आवाज भिंतींवर आपटत बराच वेळ ऐकू येत राहिला.